खिळ्यावरचं घड्याळ

"चष्मा काढ, विश्वा," अण्णा म्हणाले.

"माझ्याकडं चष्माच नाही, अण्णा."

"पन्नाशीला आलास की."

"नंबर लागला नाही अजून," मी म्हणालो आणि मोठ्यानं हसलो.

साफ खोटं. चष्मा खाली गाडीत होता, पुढच्या कप्प्यात, जुन्या पावत्यांच्या खाली. सहा महिन्यांपूर्वी केला होता, पण चारचौघांत लावायची लाज वाटायची. अण्णांनी ताट पुढं धरलं होतं. त्यात पाच चष्मे होते, झेंडूच्या पाकळ्यांत बसलेले. माझा सहावा व्हायचा. तो नाही पडला, आणि पुढचं सगळं तिथनंच बिघडलं.

दसऱ्याची सकाळ होती. ताराबाई पार्कातल्या भूपालअण्णा शेडबाळ्यांच्या बंगल्यात आम्ही सहा जण जमलो होतो. अण्णांनी उभं आयुष्य ऑइल इंजिनाचे पार्ट बनवण्यात घालवलेलं, पण कोल्हापुरात त्यांची ओळख घड्याळांमुळं. आम्हालाही तोच नाद. माझी शिरोलीत फाउंड्री, इलाही बागवानची मार्केट यार्डात फळांची अडत, डॉक्टर हेरवाडकर हाडांचे, बाकीचे दोघे आपापल्या धंद्यातले. दसऱ्याला सगळी दुनिया अवजारं पुजते, आम्ही घड्याळं पुजायचो. पूजा झाली की अण्णांचा नियम असा: चष्मे ताटात, घड्याळं मधल्या पांढऱ्या कापडावर, आणि एकेकानं एक उचलायचं. मनगटावर ठेवायचं, हात लांब करून बघायचं आणि काय आवडलं ते बोलायचं. चाळिशी उलटलेल्या माणसाला तबकडीवरचं नाव चष्म्याशिवाय वाचता येत नाही, त्यावरच सगळा खेळ. पहिल्या वर्षी डॉक्टरांनी नाव वाचून घड्याळाऐवजी त्याची किंमतच सांगितली होती, तेव्हापासून हे ताट निघालं.

"आज जरा नीट बोला," अण्णा म्हणाले. त्यांनी डावा हात कापडावर ठेवला. मनगटावर त्यांचं ते घड्याळ होतं. पातळ, क्रीम रंगाची तबकडी, दोनच काटे. सेकंदकाटा नाही, तारीख नाही. "याला रोज किल्ली द्यावी लागते आणि माझ्या बोटांना आता ती धरवत नाही. दिवाळीच्या पाडव्याला हे मी तुमच्यातल्या एकाला देणार. पैसे नकोत. पण जो घड्याळ बघतो त्याला देणार. जो नाव बघतो त्याला नाही."

सगळे माझ्याकडं बघून हसले. मंडळीत माझं नावच 'नाववाला' पडलेलं. का, तर मी एका मोठ्या स्विस कंपनीच्या घड्याळासाठी दोन वर्षं नंबर लावून बसलो होतो. शेवटी मिळालं: काळी तबकडी, फिरती कड, पोलादी पट्टा. कंपनीचं नाव इथं सांगत नाही. सांगितलं की ऐकणाऱ्याचं डोकं तिकडंच जातं, हा माझा अनुभव आहे.

आणि खरं सांगतो, मला अण्णांचं घड्याळ पाहिजे होतं. फार पाहिजे होतं. ते कुठल्या कंपनीचं हे अण्णांनी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं, आणि डॉक्टर म्हणायचे की ते फार वरच्या घराण्यातलं असणार. मला ते त्यासाठी पाहिजे होतं, का अण्णांनी दिलेलं म्हणून पाहिजे होतं, ते तेव्हा मी स्वतःला विचारलंच नाही.

माझी पाळी आली. कापडावर सगळं धूसर दिसत होतं, पण काळी तबकडी तेवढी कळली. उचललं. हातात वजन आलं आणि मी आतून सुखावलो. आपलंच आहे म्हटल्यावर बोलायला काय जातंय?

"हे कुणाचंही असू दे," मी म्हणालो. "हे मनगटावर बसतं कसं बघा. अंगठीसारखं फिरत नाही की आवळत नाही. कडेवर बोट फिरवलं तर प्रत्येक खाच लागते. मला याच्यात मिरवायचं काही दिसत नाही. हे कामाचं घड्याळ आहे. भट्टीपुढं उभं राहिलं तरी याला कमीपणा वाटणार नाही."

इलाही माझ्याकडं बघत होता. अण्णा म्हणाले, "बरं बोललास." अण्णांचं 'बरं' म्हणजे दुसऱ्या कुणाचं 'वा वा'. मी ते घड्याळ तसंच मनगटावर चढवलं, उप्पीट खाल्लं आणि फुगून घरी आलो.

पुढचे दिवस काय गेले म्हणून सांगू! पुण्याची पार्टी फाउंड्रीत आली, त्यातल्या साहेबानं लांबूनच बघून विचारलं, "तेच का?" मी नुसती बाही वर केली. साडूच्या मुलीच्या साखरपुड्यात दोघांनी माझं मनगट धरून फोटो काढले. गंमत म्हणजे घड्याळ आठवड्याला दोन मिनिटं मागं पडायचं ते पडायचंच थांबलं. मी उज्ज्वलाला, माझ्या बायकोला, म्हणालो, "बघ, भारी वस्तू आपली आपण सुधारते."

"मग तुम्हीच तेवढे राहिलाय," ती म्हणाली.

धनत्रयोदशीला तिनं पाट मांडला. दागिने, चांदीची नाणी, वह्या ठेवल्या आणि माझं घड्याळ मागितलं. मी काढून दिलं. तिनं हळदीकुंकू लावायला ते जवळ धरलं. चष्मा तिच्या डोळ्यावर होता.

"अहो, हे नवीन कधी घेतलं?"

"कुठलं नवीन? तेच की."

तिनं तबकडीवरचं नाव वाचलं. एका जपानी कंपनीचं नाव. चांगली कंपनी, पण माझी नव्हे. मी तिच्या हातातनं हिसकावून घेतलं, डोळ्यापुढं धरलं, लांब धरलं, परत जवळ आणलं. काही उपयोग नाही. तसाच अनवाणी खाली पळालो, गाडी उघडली, चष्मा लावला.

इलाहीचं घड्याळ होतं. माझं बघून त्याला आवडलं म्हणून त्यानं हुबेहूब तसल्याच बांधणीचं, परवडेल असं घेतलं होतं. आम्ही त्याला 'गरिबाचा विश्वा' म्हणून किती छळलं होतं! दसऱ्याला तेही कापडावर असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि ते मी अठरा दिवस मिरवत होतो. त्याच्यावर फोटो काढून घेतले होते.

गाडीतच बसून राहिलो. मला तेव्हा लाज आधी वाटली का राग, आठवत नाही. पण पहिला विचार काय आला तो आठवतो, आणि तो काही चांगला नव्हता. इलाहीनं मुद्दाम केलं! त्याचा चष्मा तर त्या दिवशी ताटातनं परत त्याच्या डोळ्यावर गेला होता. त्याला माझं घड्याळ हातात आहे हे कळलं नसेल होय? कळून गप्प बसलाय. चोर लेकाचा.

मग दुसरा विचार आला. जाऊन मागितलं तर? "इलाही, अठरा दिवस मला कळलंच नाही," असं म्हणायचं? पाडवा तीन दिवसांवर आलेला. अण्णांच्या कानावर गेलं की संपलं. नाववाला तो नाववालाच, आणि वर आंधळा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मार्केट यार्डात गेलो. चष्मा आता खिशात होता. इलाहीच्या गाळ्यावर कुणी दिसलं नाही. मोसंब्यांची थप्पी छातीएवढी लागलेली, सगळीकडं फळांखाली अंथरलेल्या गवताचा वास. फळाला हात घालायचा तर इलाही घड्याळ काढून ठेवतो, हे मला माहीत होतं. कॅलेंडरखाली खिळा होता. खिळ्यावर माझं घड्याळ लोंबत होतं.

हाक मारायची. 'इलाही' म्हणायचं, बास. तोंडापर्यंत आलेलं. पण हात आधी गेला. माझं काढलं, त्याचं अडकवलं. स्वतःचीच वस्तू चोरायची वेळ माणसावर येते हे मला त्या दिवशी कळलं. मागं न बघता गाडीत येऊन बसलो, चष्मा लावून नाव वाचलं. दोनदा वाचलं. तरी म्हणावा तसा आनंद होईना. पट्टा मनगटाला कुठंतरी बोचत होता. मी तो एक कडी सैल केला, मग परत आवळला.

पाडव्याला सकाळी अण्णांकडं गेलो. परत तेच कापड, तेच ताट. इलाही आधीच येऊन बसला होता. माझ्याकडं बघून रोजच्यासारखा हसला, त्यामुळं मला काहीच अंदाज लागेना. याला बदललेलं कळलंय का नाही? का त्याला आधीपासनं काहीच माहीत नव्हतं, आणि मीच उगाच?

घड्याळं कापडावर गेली, चष्मे ताटात. माझा खिशातच.

"विश्वा," अण्णा म्हणाले, "दसऱ्याला तू ज्याच्यावर बोललास ते उचल."

पुढं वाकलो. दोन काळ्या तबकड्या शेजारी शेजारी. दोन्ही धूसर. माझं कुठलं? बोललो होतो इलाहीच्या घड्याळावर, हे आता मला माहीत होतं. पण उचलायचं होतं माझं, कारण माझं उचललं तरच अब्रू राहत होती. हात मधेच थांबला.

"अण्णा, चष्मा लावू का?"

"तुझ्याकडं चष्मा कुठाय?"

डॉक्टर खो खो हसले. मी डावीकडचं उचललं, मनगटावर ठेवलं. नाही. उजवीकडचं ठेवलं. ते बसलं. कडेवरनं बोट फिरवलं, खाच न् खाच लागली. जिवात जीव आला.

"हे."

"कुणाचं हे?"

"माझंच की अण्णा. आपलं घड्याळ आपल्याला कळत नाही होय?"

अण्णांनी ताटातनं त्यांचा चष्मा घेतला, घड्याळ बघितलं आणि डॉक्टरांकडं दिलं. डॉक्टरांनी चष्मा लावला, वाचलं, आणि त्यांचं हसू थांबलं.

"इलाहीचं आहे हे," ते म्हणाले.

मला जमिनीत जावंसं वाटलं. अण्णा मात्र हसत होते.

"हाताला कळतंय तुझ्या, विश्वा. तोंडालाच कळत नाही. अरे, दसऱ्यालाच तू इलाहीचं घालून गेलास. संध्याकाळी हा धावत आला माझ्याकडं, म्हणाला, अण्णा, विश्वाचं माझ्याकडं आलंय, देऊन येतो. मीच इलाहीला म्हटलं, थांब. बघू विश्वा कधी ओळखतो. आणि ओळखल्यावर सरळ तुझ्याकडं येऊन बोलला, तर माझं घड्याळ त्याचं." ते इलाहीकडं वळले. "पण हे काय? मघाशी कापडावर ठेवताना बघितलं मी, ज्याचं त्याच्याकडं होतं. बदललंत कधी?"

मी इलाहीकडं बघितलं. आता सांगणार. सांगू दे, म्हटलं. सुटेन तरी.

इलाही कपातल्या चहाकडं बघत होता. "परवा आला होता गाळ्यावर," तो म्हणाला. "येऊन म्हणाला, इलाही, घोळ झालाय बघ. दोघं हसलो. चहा घेतला, बदलून घेतली. तुम्हाला आज सांगायचं ठरलं होतं."

चहा? कुठला चहा?

"मग सांगायचं नाही का लेका सरळ!" अण्णांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. "उगाच 'माझंच की' म्हणून नाटक! असला सरळपणा असतो होय?" ते खूष होते. ते पातळ घड्याळ त्यांनी मनगटावरनं काढलं, पट्टा सरळ केला आणि माझ्यापुढं धरलं. "घे. रोज सकाळी किल्ली दे. जास्त पिळू नको."

ते माझ्या तळहातापासून वीतभर लांब होतं. क्रीम रंगाची तबकडी, वर धूसर काहीतरी नाव. इलाही अजून कपातच बघत होता. घ्यावं का नाही हे मी ठरवलं नाही. ठरवायला वेळच नव्हता, आणि डोक्यात नुसता गोंधळ होता. घशातनं जे आलं ते आलं.

"इलाहीला द्या, अण्णा."

"का रे?"

"त्याला द्या."

मग डॉक्टरांनी माझा खांदा दाबला आणि म्हणाले, "मोठं मन लागतं." अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. खोट्यावर खोटं चढत गेलं आणि मी तिथं थोर माणूस होऊन बसलो. एकदा तरी तोंड उघडून खरं सांगायचं होतं. नाही सांगितलं.

बाहेर पोर्चमध्ये इलाही चपला घालत होता. त्याच्या एका मनगटावर अण्णांचं घड्याळ, दुसऱ्यावर त्याचं काळं.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"काय?"

"दसऱ्याला. माझं घड्याळ तुझ्या हातात आहे हे. वजनावरनं?"

"कसलं वजन?" तो म्हणाला. "नाव वाचलं की. चष्मा आहे मला."

मी बूट घालायला वाकलो.

"आणि खिळ्यावरनं नेलंस," त्यानं आवाज खाली आणला, "तवा मी गाळ्यातच होतो. मोसंब्यांच्या मागं, खाली बसून डागी फळं निवडत होतो. तुझे बूट दिसले मला. म्हटलं, आता हाक मारंल, मग मारंल. चहा सांगायला तोंड उघडलं होतं मी."

"मग आत खोटं का बोललास?"

"तुला ते पाहिजे होतं की किती वर्षं." त्यानं अण्णांच्या घड्याळाकडं बघितलं. "आता तू का घेतलं नाहीस, हे मला विचारू देणार का?"

"मला माहीत नाही, इलाही."

खरंच माहीत नव्हतं. आजही नाही. लाजेनं नाकारलं, का तो कपात बघत होता म्हणून, का नुसतं थोर दिसायला, देव जाणे.

त्यानं दुसऱ्या मनगटावरचं काळं घड्याळ काढलं. "हे घे मग. दोन वेळा चष्म्याशिवाय हेच उचललंस. तुला हे आवडतंय. तुझं मला दे. बदली करू, उजेडात."

मी माझ्या मनगटाकडं बघितलं. दोन वर्षं नंबर लावलेला. पुण्याचा साहेब, साखरपुड्यातले फोटो. तोंडातनं हो निघंना, नाहीही निघंना.

इलाही हसला. रागानं नाही हसला, हेच वाईट. "राहू दे. आलं बघ नाव मधी." घड्याळ परत चढवून तो स्कूटरला किक मारायला लागला. "खिळ्यावर असतंय रोज. कधी वाटलं तर ये. फक्त या वेळी हाक मार."

"आणि अण्णांचं?" मला राहवेना. "त्याच्यावरचं नाव वाचलंस का?"

"वाचलं."

"कुठलं?"

"ते तू हाक मारशील तवा सांगतो," तो म्हणाला आणि गेला.

याला आता अकरा वर्षं झाली. अण्णा जाऊन सहा. ताट मोडलं, मंडळी पांगली. मी चष्मा दिवसभर लावतो, त्याची लाज केव्हाच गेली. माझं ते मोठ्या कंपनीचं घड्याळ बँकेच्या लॉकरमध्ये पडून असायचं. वर्षातनं एकदा काढायचो, नाव वाचायचो, पुसायचो, ठेवायचो. मधल्या काळात इलाही लग्नाकार्यात भेटला, ईदला शीरखुर्मा घरी आला, दिवाळीला चिवडा त्याच्याकडं गेला. त्या गोष्टीबद्दल एक अक्षर त्यानं काढलं नाही, आणि मीही नाही.

गेल्या दसऱ्याला सकाळी लॉकरमधनं आणलेलं घड्याळ खिशात घातलं आणि मार्केट यार्डात गेलो. उज्ज्वलानं विचारलं कुठं, तर म्हणालो बघून येतो. काय बघायला चाललो होतो, बदलायला का नुसतं भेटायला, मला सांगता आलं नसतं.

गाळ्यावर कुणी दिसलं नाही. मोसंब्यांची थप्पी तशीच छातीएवढी. कॅलेंडर यंदाचं होतं, खिळा तोच. खिळ्यावर दोन घड्याळं होती, एक काळं आणि एक क्रीम रंगाचं. दोन्हींवरचं नाव चार पावलं पुढं गेलो असतो तर वाचता आलं असतं. मी दारातच थांबलो.

"इलाही!"

आवाज जरा जास्तच मोठा निघाला. शेजारच्या गाळ्यातल्या बाईनं मान वर करून बघितलं. थप्पीच्या मागं गवत वाजलं, कुणीतरी गुडघ्यावर हात देऊन उठत होतं.

"आलो, आलो," आतनं आवाज आला. "चष्मा आणलायस का?"